पंप थांबल्यानंतर

१ मे १९९९ रोजी गोंदिया भंडाऱ्यापासून वेगळा झाला आणि चिखला, डोंगरी बुजुर्ग या मॅंगनीजच्या खाणी तुमसर तालुक्यासह भंडाऱ्यात राहिल्या. भरवेलीची खाण तर पलीकडे बालाघाटात. गोंदियात राहून मी या पट्ट्याकडे पाहतो ते एका विशिष्ट प्रश्नासाठी: या खाणी कधीतरी बंद होतील, तेव्हा काय काय बिघडू शकेल?

काम थांबलं की धोकाही थांबला, असं लोकांना वाटतं. खरं तर उलट होतं. चालू खाणीत पंप सुरू असतो, फोरमन पाळीपाळीला फिरतो, भेग दिसली की माणसं हलवली जातात. बंद खाणीत खड्डा तोच, टाकाऊ दगडाचा डंपही तोच. बघणारं मात्र कोणी उरत नाही. म्हणून अपघाताची शक्यता किती आणि नुकसान किती, एवढ्यावर माझा हिशेब संपत नाही. धोका कोणाच्या लक्षात येईल आणि केव्हा, हेही मी त्यात धरतो.

डंपचंच घ्या. आमच्याकडे मॅंगनीजच्या सोबतीला अभ्रकी शिस्ट असतो. खणताना टणक वाटणारा हा दगड पावसाळ्यागणिक भुसभुशीत होत जातो. सुटा ओतलेला माल साधारण ३७ अंशांच्या उतारावर उभा राहतो, पण तिथे ना माती टिकते ना गवत. उतार २८ अंशांच्या आत आणायचा तर पायथा पुढे सरकवावा लागतो. त्यासाठीची जागा पहिला डंपर रिकामा झाला तेव्हाच राखलेली नसेल, तर पुढे कोणाची तरी धानाची बांधी आलेली असते. मग वाहून आलेला गाळ बांधीत आणि तिथून मामा (माजी मालगुजारी) तलावात. पाहणीत मी आधी माथ्यावर, कडेला समांतर गेलेली भेग शोधतो. तिच्या दोन्ही अंगांना खुंट्या ठोकायच्या, मधलं अंतर लिहून ठेवायचं आणि झडीनंतर पुन्हा मोजायचं. अंतर वाढत असेल तर खालची रोवणी थांबवायला सांगावं लागतं, आणि ऐन हंगामात ते सांगणं फार जड जातं.

भूमिगत खाणीत मुख्य भीती पाण्याची. पंप थांबला की जुन्या गॅलऱ्या हळूहळू भरतात, आणि शेजारी कोणी खणत असेल तर मधल्या भिंतीवर त्या पाण्याचा सगळा दाब येतो. २७ डिसेंबर १९७५ रोजी धनबादजवळच्या चासनाला कोळसा खाणीत असंच साठलेलं पाणी फुटून आत शिरलं आणि ३७५ माणसं गेली. बंद खाणीचा अचूक नकाशा म्हणूनच कोणत्याही हमीपत्रापेक्षा मोलाचा आहे.

खाण बंद करण्याचा अंतिम आराखडा दोन वर्षं आधी नागपूरच्या इंडियन ब्युरो ऑफ माइन्सकडे द्यावा लागतो. 'अ' वर्गातल्या खाणींची आर्थिक हमी २०२१ मध्ये हेक्टरी ३ लाखांवरून ५ लाख झाली. खोल खड्ड्यासाठी तीही मला तोकडी वाटते. जिल्हा खनिज प्रतिष्ठानचा निधी रॉयल्टीच्या प्रमाणात येतो. उत्पादन थांबलं की तोही आटतो, म्हणजे गावाला सर्वांत जास्त गरज असते नेमकी तेव्हाच. शिवाय दोन वर्षांची सवड प्रत्येक वेळी मिळतेच असं नाही. गोव्यात २०१२ मध्ये आणि पुन्हा २०१८ मध्ये खाणकाम एकाएकी थांबलं. त्यामुळे बंद करण्याची तयारी चालू खाणीतच, दर वर्षी थोडी थोडी व्हायला हवी, यावर मी ठाम आहे.

खड्ड्यात पाणी साठणारच, आणि उन्हाळ्यात गुरं, बायका, पोरं तिथे जाणारच. नुसतं तारेचं कुंपण त्यांना अडवत नाही, कारण तार टिकतच नाही. मी सुचवतो ते असं: डंपर ज्या उताराने खाली जायचे तो रस्ता ठेवावा, त्याच्या तोंडाशी उथळ, पक्का घाट बांधावा आणि बाकी तिन्ही बाजूंना मातीचा उंच बांध घालून त्यावर दाट काटेरी झुडपं लावावीत. घाट कुठे काढायचा हे ग्रामसभेला विचारून ठरवावं. गुरं कोणत्या वाटेने येतात, हे गावालाच नेमकं ठाऊक असतं.