वाचनालयाचे पीसी भंगारात काढण्याआधी

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नियमित सपोर्ट संपला. गावोगावच्या शाळा, वाचनालयं, पतसंस्था यांच्यासमोर आता एकच प्रश्न आहे, जुने पीसी टाकून नवे घ्यायचे का? आमच्या वाचनालयातही नव्या सहा पीसींचं कोटेशन आलंय. पैसा वर्गणीदारांचा आहे, म्हणून देखभाल करणारा या नात्याने माझं मत इथे मांडतो. थोडं तांत्रिक आहे, पण वाचा.

आठ जीबी रॅमचे हे पीसी लिनक्सवर अजून काही वर्षं आरामात चालतील. फक्त लिनक्स कोणतं, हे नीट ठरवायला हवं. आज एक स्वयंसेवक येतो, काहीतरी इन्स्टॉल करतो, उद्या दुसरा काहीतरी बदलतो. वर्षभरात सहा पीसींच्या सहा तऱ्हा! म्हणून मी 'इम्युटेबल' लिनक्सच्या बाजूने आहे. त्यात सिस्टीमचा गाभा रीड-ओन्ली असतो. अपडेट जुन्यावर ठिगळ लावत नाही. गाभ्याची नवी प्रत शेजारी तयार होते आणि रीस्टार्टनंतर ती चालू होते. काही बिघडलंच, तर बूट मेनूतून कालची प्रत निवडायची. बस्स.

अभ्यासिकेसाठी मी फेडोरा किनोआइट निवडेन. सिल्वरब्लूचंच ते भावंड, पण केडीई डेस्कटॉपवालं. खाली पट्टी, कोपऱ्यात मेनू, त्यामुळे विंडोजची सवय असलेली मुलं बावरत नाहीत. अ‍ॅप्स फ्लॅटपॅकमधून येतात, डिस्क जरा जास्त खातात. प्रिंटरचा वेगळा ड्रायव्हर लागला तर तो गाभ्यावर थर म्हणून चढवून रीस्टार्ट करावं लागतं. तेवढी कटकट आहे.

पुस्तकांच्या नोंदींचा सर्व्हर कंटेनरवर चालतो, तिथे गणित वेगळं. फेडोरा कोअरओएस आणि फ्लॅटकार दोन्ही उत्तम, पण पहिल्या बूटलाच सगळी मांडणी एका फाइलमधून द्यायची, ही त्यांची पद्धत. पन्नास सर्व्हर असतील तर वरदान. एकासाठी जरा जडच. मी ओपनसुसे मायक्रोओएस घेईन. लॉगिन करून बदल करता येतो, तो नव्या स्नॅपशॉटमध्ये जातो, बूट फसलं तर मागे फिरता येतं.

आणखी एक गोष्ट. कोअरओएस कंपनी रेड हॅटने २०१८ मध्ये घेतली आणि मूळ कंटेनर लिनक्सचा सपोर्ट २०२० मध्ये थांबला. फुकट मिळतं म्हणून कायम मिळेल असं नाही. पण सोर्स खुला होता, म्हणूनच त्यातून फ्लॅटकार उभं राहिलं. सार्वजनिक पैशाने काही घेताना हा फरक लक्षात ठेवायला हवा.

आणि हो, मागे फिरते ती सिस्टीम. मुलांच्या फायली, सदस्यांच्या नोंदी नाही. रोलबॅक म्हणजे बॅकअप नव्हे! त्यासाठी वेगळी हार्डडिस्क घ्यावीच लागेल, आणि तो खर्च मी आनंदाने मागेन. सहा नव्या पीसींपेक्षा तो कितीतरी कमी आहे.

तुमच्या शाळेत, वाचनालयात कोणी हा प्रयोग केला असेल तर कमेंटमध्ये जरूर लिहा. विशेषतः प्रिंटरचं काय केलंत ते सांगा.