काजूच्या देशातलं गाणं

बालमित्रांनो, काजू तुम्हाला आवडतो ना? कोकणात आणि गोव्यात तर जिकडेतिकडे काजूची झाडं. पण हा काजू मूळचा आपला नाही बरं का! सोळाव्या शतकात पोर्तुगिजांनी तो ब्राझीलमधून आपल्या किनाऱ्यावर आणला. त्याचं नावसुद्धा तिकडचंच. तिथल्या तुपी लोकांच्या 'अकाजू' शब्दाचं पोर्तुगिजांनी 'काजू' केलं आणि तेच आपण उचललं.

आज मी तुम्हाला या काजूच्या देशातल्या एका अल्बमची ओळख करून देणार आहे. फोटोंचा नव्हे हं, गाण्यांचा अल्बम! नाव 'होली लँड', म्हणजे पवित्र भूमी. साओ पावलो शहरातल्या 'अंग्रा' या बँडने तो १९९६ साली काढला. मी तेव्हा जेमतेम बालवाडीच्या वयाची. डी.एड.ला असताना सुट्टीत मामाकडे गेले, तेव्हा मामेभावाने तो लावला होता. आजी माजघरातून ओरडली, ''अरे, काय हा गोंगाट!''

तुमच्याही आईबाबांना पहिल्यांदा तसंच वाटेल. कारण हे संगीत आहे 'पॉवर मेटल'. खरखरीत आवाजाच्या दोन इलेक्ट्रिक गिटार, दोन्ही पायांनी वाजवलेले ड्रम (जणू घोडा चौखूर उधळलाय!) आणि टिपेला पोचणारा गायकाचा आवाज. १९८०च्या दशकात जर्मनीत हा प्रकार फोफावला. यातल्या पुष्कळ गाण्यांत लढाया, प्रवास, जुन्या दंतकथा असतात. आपला शाहीर पोवाड्यात आवाज चढवतो आणि अंगावर काटा येतो ना? साधारण तीच गंमत इथे आहे, फक्त डफाच्या जागी ड्रम!

आता 'होली लँड'ची गोष्ट ऐका. ९ मार्च १५०० रोजी पेद्रो काब्राल नावाचा दर्यावर्दी १३ जहाजं घेऊन लिस्बनहून निघाला. कुठे जायला, माहीत आहे? आपल्या हिंदुस्थानात, कालिकतला! पण वाटेत त्याची जहाजं पश्चिमेकडे फार दूर गेली आणि २२ एप्रिलला समोर दिसली ब्राझीलची भूमी. थोडे दिवस थांबून तो पुढे निघाला आणि सप्टेंबरात कालिकतला पोचला. म्हणजे बघा, ब्राझीलचा इतिहास आणि आपला इतिहास एकाच सफरीत एकमेकांना शिवून गेले!

त्या काळाची कल्पना या अल्बममध्ये रंगवली आहे. सुरुवातीला ऐकू येते पालेस्त्रीना या इटालियन संगीतकाराची सोळाव्या शतकातली समूहगानाची रचना. शांत, गंभीर. आणि मग एकदम गिटार कडाडतात! 'कॅरोलिना फोर' हे दहा मिनिटांहून मोठं गाणं म्हणजे एक समुद्रप्रवासच. त्याच्या आरंभी ब्राझीलच्या लोकसंगीतातले ठेके वाजतात. पुढे पियानो येतो, वाद्यवृंद येतो, वारा सुटल्यासारखा वेग येतो. 'द शामन' या गाण्यात तिथल्या मूळ रहिवाशांचा वैदू भेटतो. शेवटचं गाणं तर अगदी छोटं. वादळ शमल्यावर किनाऱ्यावर बसल्यासारखं वाटतं.

मागे एकदा माझ्या चौथीच्या वर्गात मी काब्रालची गोष्ट सांगितली. ''त्याने ब्राझीलचा शोध लावला, असं पुस्तकांत लिहितात,'' एवढं म्हणते तोच एक मुलगी उठली. ''बाई, तिथे आधी माणसं राहत होती ना? मग शोध कसला?'' किती खरं बोलली पोर! तिथे हजारो वर्षांपासून माणसं राहत होती. पुढच्या काळात नव्या रोगांनी, लढायांनी आणि गुलामगिरीने त्यांच्यातली असंख्य माणसं मेली. आफ्रिकेतून लाखो माणसांना गुलाम करून तिथे आणलं. आज ब्राझीलच्या संगीतात जे ठेके आहेत, त्यांतले कितीतरी त्या माणसांनी सोबत आणले. सगळं हिरावलं गेलं, पण ताल कुणाला हिरावता आला नाही.

मग मी मोबाइलवर 'कॅरोलिना फोर'ची सुरुवात लावली. मागच्या बाकावरचा एक अबोल मुलगा बोटांनी बाकावर तोच ठेका धरू लागला. अगदी बिनचूक! त्याचे वडील गोंधळात संबळ वाजवतात, पण हे तो शाळेत कधी कुणाला सांगत नसे. त्याने हळूच विचारलं, ''बाई, इंग्रजी गाण्यात त्यांनी गावाकडचं कसं काय घातलं? कुणी हसलं नाही का त्यांना?'' मी म्हटलं, ''अरे, त्यामुळेच तर ते गाणं त्यांचं झालं! नाहीतर जर्मनीतल्या बँडची नक्कलच झाली असती.'' तो काही बोलला नाही. पण पुढच्या शनिवारी वडिलांचं संबळ घेऊन आला. आम्ही अर्धा तास पाढे बाजूला ठेवले!

इतका चांगला अल्बम मागे का पडला? एकतर १९९६च्या सुमारास जगभर वेगळ्या धर्तीच्या रॉकची चलती होती. मग २००० साली गायक आंद्रे मातोस आणि आणखी दोघं बँडमधून बाहेर पडले. नव्या मंडळींनी २००४ साली काढलेला 'टेंपल ऑफ शॅडोज' गाजला आणि लोक त्याचीच चर्चा करू लागले. २०१९ साली आंद्रे मातोस वारला, अवघ्या सत्तेचाळिसाव्या वर्षी. संगीतरचनेचं रीतसर शिक्षण घेतलेला हा गुणी गायक. त्याचा आवाज मात्र या दहा गाण्यांत जसाच्या तसा आहे.

तर मुलांनो, एखाद्या रविवारी जगाचा नकाशा पसरा. लिस्बनवर बोट ठेवा, तिथून ब्राझीलला, तिथून आफ्रिकेला वळसा घालून कालिकतला न्या. आणि सोबत हा अल्बम लावा. आवाज बेताचा ठेवा हं, शेजारीही माणसंच राहतात! आईबाबांनाही जवळ बसवा. पालकहो, दोन गाणी होईपर्यंत 'बंद कर ते' म्हणू नका, एवढीच विनंती.

आणि ऐकून झालं, की घरातल्या मोठ्यांना विचारा, ''आपल्या घरात पूर्वी कोण काय वाजवायचं, काय गायचं?'' उत्तर मिळालं तर वहीत लिहून ठेवा. वाद्य मिळालं तर मग काय, शाळेतच घेऊन या!