जामीन झाला, एवढंच पाहिलं

ठाण्याच्या न्यायालयात मी बरीच वर्षं फौजदारी वकिली केली. जामीन मंजूर झाला की माझ्या लेखी काम संपायचं. माझ्या या सवयीची किंमत चेणे गावातल्या एका मुलाने मोजली. त्याचं नाव सांगत नाही, त्याची आई अजून गावातच राहते.

मुलगा गर्द ओढायचा. घोडबंदर रस्त्यालगत पोलिसांनी त्याला धरलं, तेव्हा खिशात एक पुडी होती आणि चोरलेला मोबाइल. पुडीतला माल पाच ग्रॅमच्या आत, म्हणजे कायद्याने अल्प प्रमाण. एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थविरोधी कायद्याच्या कलम ६४अ नुसार असा व्यसनी स्वतःहून सरकारमान्य ठिकाणी उपचार घेत असेल, तर त्या गुन्ह्याच्या खटल्यातून त्याला सूट मिळू शकते. हे कलम मला माहीत होतं. पण चोरीचा गुन्हा वेगळा उरणार होता, उपचारांची सोय शोधण्यात दिवस गेले असते, आणि जामिनाची वाट माझ्या पायाखालची होती. मी तो अर्ज केलाच नाही.

जामीनदार मिळेपर्यंत तो काही महिने आत राहिला. सुरुवातीला टर्की लागली, म्हणजे नशा तुटल्याचा त्रास. उलट्या, जुलाब, अंग मोडून येणं, रात्ररात्र झोप नाही. मग हळूहळू तो सावरला. पुढे मुलाखतीला गेलो तेव्हा गाल भरलेले दिसले. "सुटली साहेब माझी," तो म्हणाला. मला ते खरं वाटलं. त्याच्या आईलाही मी तसंच सांगितलं.

सुटकेच्या दिवशी कारागृहाबाहेर तिने मला विचारलं, "साहेब, आता याला कसं सांभाळू?" मी म्हणालो, "चांगलं खायला घाला. जुन्या पोरांपासून लांब ठेवा." तिला माझ्याकडून जे कळायला हवं होतं, ते मी स्वतःच कधी कुणा डॉक्टरला विचारलं नव्हतं. गर्दमुळे मेंदूतला श्वास चालवणारा भाग मंदावतो. रोज ओढणाऱ्याच्या शरीराला त्याची सवय होते आणि तो मोठी मात्रा पचवतो. काही आठवडे खंड पडला की ही ताकद जाते, ओढ मात्र राहते. मग पूर्वी चालणारी मात्राच जीव घेते, आणि सोबत दारू किंवा झोपेच्या गोळ्या असतील तर आणखी लवकर.

त्याच आठवड्यात तो गेला. रात्री उशिरा घरी आला, आडवा झाला आणि मोठ्याने घोरू लागला. दमलाय, झोपू दे, असं घरच्यांना वाटलं. ते घोरणं म्हणजे श्वास कोंडत चालल्याची खूण होती. पहाटे ओठ निळे पडलेले दिसले.

पोलिसांत अकस्मात मृत्यूची नोंद झाली. तोच कोठडीत दगावला असता, तर कायद्याने न्यायदंडाधिकाऱ्यांची चौकशी लागली असती. फाटकाबाहेर मेलेल्यांना कारागृहाच्या आकड्यांत जागा नाही, म्हणून हे मरण कुणाच्याच हिशेबात येत नाही. माझ्याही आलं नसतं, पण त्याची आई मला ओळखत होती.

त्यानंतर मी वाचायला लागलो. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात सुटलेल्या कैद्यांचा अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला होता. सुटकेनंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत अमली पदार्थाच्या अतिमात्रेने मरण्याचा धोका सामान्य लोकांच्या १२९ पट निघाला. तिहारमध्ये २००८ पासून व्यसनावर ब्युप्रेनॉर्फिन या औषधाचे उपचार सुरू झाले होते. स्कॉटलंडने २०११ पासून सुटणाऱ्या कैद्यांच्या हातात नॅलोक्सोन द्यायला सुरुवात केली. हे औषध थांबत आलेला श्वास काही मिनिटांत परत आणू शकतं. यातलं बरंचसं छापून झालं होतं, तेव्हा मी त्या मुलाचा जामीन अर्ज लिहीत होतो.

पुढे एकदा मी त्याच्या आईकडे जाऊन हे सगळं सांगितलं. तिने एकच विचारलं, "घोरत होता तेव्हा उठवलं असतं तर?" मी म्हणालो, वाचण्याची शक्यता होती, पण ती खूण तुम्हाला कुणी सांगितलेली नव्हती आणि सांगायचं काम माझं होतं. ती काही बोलली नाही.

नंतरच्या प्रत्येक अशा प्रकरणात जामिनाच्या अर्जाआधी मी उपचार केंद्राची तारीख घेऊ लागलो. घरच्यांना बसवून सांगू लागलो: पहिले पंधरा दिवस त्याला एकटं झोपू देऊ नका. घोरणं वेगळं वाटलं तर हलवून हाक मारा. जागा होत नसेल तर १०८ ला फोन करा, कुशीवर वळवा, श्वास थांबला तर तोंडाने द्या, आणि त्याने काय घेतलं ते डॉक्टरांपासून लपवू नका. पोलिसांच्या भीतीने घरचे नेमकं हेच लपवतात, म्हणून हे मी दोनदा सांगायचो.