पहिलं पत्र

चि. ताईस,


हापूसची खबर ईमेलवर मागणाऱ्यांसाठी लिहिलेलं तुझं स्वागतपत्र वाचलं. भाषा देखणी आहे, पण निम्मं पत्र आजोबांनी कलमं कशी लावली आणि घराण्याची परंपरा काय, यातच संपलंय. वाचणाऱ्याला हवं असतं वेगळंच: पेटी कधी मिळेल, कितीला पडेल आणि आंबा खराब निघाला तर काय?

आधी वेळ सांभाळ. माणूस आपला पत्ता देतो तेव्हाच तू त्याच्या डोक्यात ताजी असतेस. नोंदणी झाली की पत्र आपोआप लगेच जाऊ दे. आठवडाभराची नावं साठवून एकगठ्ठा पाठवशील, तर ‘ह्या कोण?’ असं म्हणून लोक ते पुसून टाकतील.

‘आमच्या परिवारात आपले सहर्ष स्वागत’ हा विषय काढून टाक. असं स्वागत बँकही करते. मोबाईलवर विषयाचे सुरुवातीचे मोजके शब्दच दिसतात, म्हणून ‘देवगड हापूस: पहिली पेटी कधी?’ असं लिही. पाठवणाऱ्याच्या जागी तुझं आणि बागेचं नाव दे. ज्यावर उत्तर देता येत नाही असा पत्ता तर मुळीच नको.

तुझ्या फॉर्मवर ‘पूर्ण नाव’ असा एकच रकाना आहे. आपल्याकडे कितीतरी जण आडनाव आधी लिहितात आणि यंत्र पहिला शब्द उचलतं. मग सत्तरीच्या आजींना ‘प्रिय देशपांडे’ असं पत्र जातं! रकाने दोन कर, नाहीतर सरळ ‘नमस्कार’ लिही. तो कुठल्याही वयाला चालतो.

आता मजकूर. डिसेंबरात नाव नोंदवणाऱ्याला मोहोर कसा आहे ते सांग. फळ साधारण मार्च ते मे या काळात येतं आणि सुरुवातीची पेटी महाग असते, हेही सांग. पत्रं किती येतील तेही लिही, पण जमेल तेवढंच कबूल कर. 2018 साली कोकणच्या पाच जिल्ह्यांतल्या हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं. त्याखाली तुमच्या बागेची नोंदणी झाली असेल, तर क्रमांक दे. दुसरीकडचा आंबा देवगडच्या नावावर खपतो, हे गिऱ्हाइकालाही ठाऊक असतं.

साक्याविषयी पहिल्याच पत्रात लिही. साका असला की गर पांढरट, स्पंजासारखा निघतो आणि फळ कापेपर्यंत बाहेरून काही कळत नाही. ‘फोटो पाठवा, बदली फळ देऊ’ एवढं एक वाक्य परंपरेच्या सगळ्या परिच्छेदांना भारी पडेल.

भाव चित्रात घालू नकोस. काहींच्या मोबाईलवर चित्रं उघडतच नाहीत. शेवटी एकच प्रश्न विचार: ‘घरी आंबा खाणारी माणसं किती?’ त्यावरून पेटीचा अंदाज येतो, शिवाय ज्याने उत्तर दिलं त्याच्याकडे पुढची पत्रं स्पॅममध्ये जाण्याची शक्यता कमी होते. नाव काढून घेण्याची सोयही दिसेल अशी ठेव. दिवसाला 5000हून अधिक पत्रं धाडणाऱ्यांना जीमेलने 2024 पासून ती सक्तीची केली आहे. तुझी यादी छोटी असली तरी ज्याला जायचंय त्याला अडवून आंबे खपत नाहीत.

गिऱ्हाइकाशी पत्रातून नातं जोडण्याची आपल्याकडची चाल जुनी आहे. शंकरराव किर्लोस्करांनी 1920 साली ‘किर्लोस्कर खबर’ सुरू केली ती नांगर बनवणाऱ्या कारखान्याची पत्रिका म्हणून, आणि पुढे तिचंच ‘किर्लोस्कर’ मासिक झालं. माल विकणाऱ्याने वाचण्याजोगं काही दिलं, की लोक वाट पाहू लागतात.

तेव्हा पत्र दीडशे शब्दांत बसव आणि आधी तुझ्या आईला वाचायला दे. तिने एकही प्रश्न विचारला नाही, तर बेलाशक पाठव. विचारलाच, तर त्याचं उत्तर पत्रात घाल.

तुझा,
मामा