कांबळ्याला कात्री लावण्याआधी

मिलिटरीच्या जुन्या ब्लँकेटपासून जंगलात मुक्कामाला उपयोगी पडेल असं सामान कसं तयार करावं, यावर लिहा, असं संपादकांनी सुचवलं. लोकरीचं कापड हा माझा विषय, त्यामुळे नाही म्हणायचं कारण नव्हतं. पण या विषयावर मला आजवर जे विचारलं गेलं आहे ते सगळं दोनच प्रश्नांत मावतं: कुठे कापू, आणि पाणी लागू नये म्हणून वरून काय लावू? दोन्हींना माझं उत्तर एकच आहे. कापू नका आणि काही लावू नका. जो काही बदल करायचा तो काठाला करा. कांबळ्याचं अंग जसं आहे तसं राहू द्या. हा जुन्या वस्तूबद्दलचा भाबडा जिव्हाळा नाही. कांबळं ऊब कशी देतं आणि मध्य प्रदेशातल्या बालाघाटच्या थंडीत माणूस नेमका कशाने गारठतो, या दोन गोष्टी नीट पाहिल्या की निष्कर्ष हाच निघतो. तो पटवून द्यायचा तर थोडं तंत्रात शिरावं लागेल, वाचकांनी सांभाळून घ्यावं.

पाच बाय सात फुटांचं, दोन किलोच्या आसपासचं कांबळं घ्या. एका चौरस मीटरला सहाशे ग्रॅम आणि जाडी चार मिलिमीटर धरली, आणि लोकरीच्या तंतूची घनता 1.31 असते हे लक्षात घेतलं, तर कांबळ्याच्या घनफळात लोकर साधारण नववा हिस्सा निघते. उरलेली सगळी हवा. ऊब देते ती ही अडकून पडलेली, हलू न शकणारी हवा. लोकरीचं काम तिला धरून ठेवायचं. मेंढीच्या लोकरीचा प्रत्येक तंतू कुरळा असतो, दाबला तरी पुन्हा उभा राहतो, म्हणून ही हवा वर्षानुवर्षं टिकते. लष्करी कांबळं विणल्यावर साबणाच्या गरम पाण्यात मळून काढतात. त्याने तंतूंवरचे खवले एकमेकांत अडकतात, वीण मिटते आणि वारा सहजासहजी आरपार जात नाही. कानपूरच्या लाल इमलीने 1876 पासून हेच काम केलं, पंजाबातल्या धारीवालने केलं, शाहजहानपूरच्या 1914 च्या सरकारी कपडा कारखान्यानेही केलं. या कापडामागे दीडशे वर्षांचं कसब आहे, आणि दुकानात त्याची किंमत मात्र तराजूवर ठरते. ‘जड आहे, म्हणजे गरम असणार’ हे वाक्य ऐकून मी खरोखर थकलो आहे. जड असणं म्हणजे कधी कधी फक्त दाटपणे दाबलेलं, हवा गमावलेलं कापड असतं.

आता थंडीकडे या. बालाघाट जिल्ह्याचा निम्म्याहून अधिक भाग जंगलाचा, आणि बैहरच्या पठारावर, कान्हा व्याघ्र प्रकल्पाच्या मुक्की बाजूला डिसेंबर-जानेवारीत गवतावर दहिवर अक्षरशः गोठतं. कान्हाच्या खोलगट मैदानांत सरईची, म्हणजे सालाची, झाडं का वाढत नाहीत, याचं एक मोठं कारण हे गोठणारं दहिवरच आहे: रात्री गार हवा जड होऊन उतारावरून खाली उतरते, मैदानात साचते आणि कोवळी रोपं करपवते. त्याच मैदानात माणूस झोपला तर त्याचंही तेच होणार. इथल्या हिवाळ्यात पाऊस क्वचित. आकाश निरभ्र, हवा जवळजवळ स्तब्ध. अशा रात्री ऊब तीन वाटांनी जाते: खालच्या जमिनीत, वरच्या उघड्या आकाशाकडे, आणि पहाटे पडणाऱ्या दवाने भिजलेल्या पांघरुणातून. म्हणून मुक्कामाची जागा मैदानाच्या काठावर, उतारावर थोडी वर हवी. डोक्यावर झाडाची फांदी किंवा साधी ताडपत्री हवी, जी दव अडवते आणि आकाशही झाकते. आणि अंगाखाली धानाचं तणस हवं, जे आमच्याकडे त्या दिवसांत कुठल्याही गावात मिळतं. हे तीन साधलं की कांबळ्याचं निम्मं काम झालं. एक गोष्ट आवर्जून सांगतो: व्याघ्र प्रकल्पाच्या हद्दीत वाटेल तिथे मुक्काम ठोकता येत नाही आणि शेकोटी पेटवता येत नाही. इथे लिहितो आहे ते त्या हद्दीबाहेरच्या, परवानगीच्या जागांसाठी.

आता मुख्य वाद, आणि त्यावर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण याच एका समजुतीपायी लोक सगळ्यात जास्त फसतात. ‘लोकर ओली झाली तरी ऊब देते’ असं सर्रास म्हटलं जातं. वाक्य पूर्ण खोटं नाही, म्हणूनच धोक्याचं आहे. लोकरीच्या तंतूचा पृष्ठभाग पाणी झटकतो, पण आतला गाभा वाफ ओढून घेतो. प्रयोगशाळेच्या ठरावीक हवेत कापसात 8.5 टक्के ओलावा असतो, पॉलिस्टरमध्ये अर्धा टक्काही नाही, लोकरीत 16 टक्के. आणि दमट हवेत ती तिशीच्या पुढे जाते, तरी हाताला ओली लागत नाही. दोन किलोच्या कांबळ्यात अशी सुमारे 300 ग्रॅम वाफ मावते. झोपलेल्या माणसाच्या अंगातून आणि श्वासातून रात्रभरात साधारण पाव लिटर पाणी जातं. म्हणजे ही वाफ कांबळं निमूट पोटात घेतं, आणि घेताना थोडी उष्णताही बाहेर टाकते. समजुतीचं मूळ इथे आहे, आणि इथपर्यंत ती खरी आहे.

पण ती उष्णता किती? पूर्ण कोरडी एक किलो लोकर वाफेने पूर्ण संपृक्त होईपर्यंत सुमारे 900 किलोज्यूल देते. झोपलेलं शरीर सेकंदाला ऐंशी-एक ज्यूल उष्णता देतं. म्हणजे ही सगळी कमाई आपण तीनएक तासांत स्वतःच करतो. आता तेच कांबळं ओढ्यात पडलं असं धरा. नीट पिळलं तरी ते आपल्या वजनाइतकं, म्हणजे दोन लिटर पाणी धरून बसू शकतं. एक ग्रॅम पाणी उडवायला सुमारे 2,400 ज्यूल लागतात. दोन लिटर अंगच्या उबेने वाळवायचे तर शरीराची सगळी उष्णता सोळा तासांहून जास्त वेळ नुसती त्यात ओतावी लागेल. शिवाय ज्या हवेच्या जिवावर ऊब होती तिची जागा पाण्याने घेतली, आणि पाणी स्थिर हवेपेक्षा चोवीसएक पट वेगाने उष्णता वाहून नेतं. भिजलेली लोकर भिजलेल्या सुतापेक्षा बरी, कारण ती अंगाला चिकटून बसत नाही, थोडी हवा तरीही धरून ठेवते. पण बरी म्हणजे पुरेशी नव्हे. वाफ आणि दव यांना कांबळं पुरून उरतं. पाऊस आणि ओढा यांना नाही.

मग पाणी लागू नये म्हणून रबराचं द्रावण, मेण, बाजारात मिळणारे फवारे मारावेत, असं सुचवलं जातं. सूचना समजण्यासारखी आहे, पण उपाय उलटा पडतो. वरून थर बसला की आतली वाफ बाहेर जायची वाट बंद होते. पहाटे ती थराच्या आतल्या बाजूला थेंब होऊन साचते, आणि बाहेरून कोरडं ठेवायला निघालेलं कांबळं आतून भिजतं. दख्खनी मेंढ्यांच्या लोकरीची घोंगडी विणताना ताण्याला चिंचोक्याची खळ लावतात, त्याचा दाखला मला कायम दिला जातो. खळ सूत मागावर तुटू नये म्हणून असते आणि कापडाला ताठरपणा देते. पाण्यात ती स्वतःच फुगते. पावसात घोंगडीची खोळ घेतलेला शेतकरी बराच वेळ कोरडा राहतो ते भरड, केसाळ लोकरीमुळे आणि खोळीच्या उतारामुळे. पाणी आत मुरण्याआधी ओघळून जातं. कांबळ्याला काही द्यायचंच असेल तर लॅनोलिन, म्हणजे लोकरीतलीच चरबी, थोड्या साबणाच्या कोमट पाण्यात मिसळून हलक्या हाताने द्यावी. गिरणीत धुताना जे निघून गेलं त्यातलं थोडं परत येतं, एवढंच. पावसासाठी वेगळी ताडपत्री हवी, त्याला पर्याय नाही.

आता कात्री. मध्ये चीर देऊन पोंचो करायचा मोह सगळ्यांना होतो, आणि दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतातल्या पोंचोचं उदाहरण पुढे येतं. ते उदाहरण माझ्या बाजूचं आहे. तिथले विणकर पोंचो दोन पट्ट्यांत विणतात आणि जोडताना डोक्यापुरती जागा शिवायची सोडतात. चिरेच्या दोन्ही कडा मागावरचे पक्के काठ असतात, एकही धागा कापलेला नसतो. आपल्या कांबळ्याला मध्ये चीर दिली तर ताण नेमका चिरेच्या टोकांवर येतो आणि कापड तिथून उसवत जातं. आणि रात्री पांघरलं की छातीवरच भोक. दुसरं उदाहरण कॅनडातलं देतात. 1811-12 च्या सुमारास सेंट जोसेफ किल्ल्यावर ब्रिटिश शिपायांना थंडीचे कोट वेळेवर मिळाले नाहीत, तेव्हा ब्लँकेटांचेच कोट शिवून घेतले आणि पुढे त्या धर्तीचा कोट प्रसिद्ध झाला. खरं आहे, पण तो कोट कायमचा कोटच राहिला, त्याला रात्री पुन्हा पांघरूण व्हायचं नव्हतं. आपल्याला एकाच वस्तूकडून चार कामं हवी आहेत, आणि कापल्याबरोबर त्यातली तीन जातात.

म्हणून काठ. पाऊण इंच रुंदीची सुती नवारीची पट्टी घ्या, दोन्ही लांब काठांना आणि पायाकडच्या काठाला आतल्या बाजूने लावा, आणि वीतभर अंतरावर तिच्यात दोन बोटं जातील एवढे फासे सोडा. टाका लांब ठेवा, साधारण चार मिलिमीटरचा. बारीक टाक्यांनी मळलेल्या लोकरीत भोकांची रांग पडते आणि कागदाच्या छिद्रांसारखं कापड तिथेच फाटतं. दोरा जाड सुती हवा. बारीक नायलॉन ताणाखाली लोकर कापतो. पितळी आयलेट ठोकायचा आग्रह शिंपी धरतात, तो मानू नका: आयलेटसाठी आधी भोक पाडावं लागतं, आणि आखूड तंतूंचं कापड ताण आल्यावर कडीच्या भोवतीने सुटतं. ताडपत्रीसारखा मधून ताण द्यायचा असेल तर कापडात सुपारीएवढा गोटा धरून भोवती दोरी आवळावी. सकाळी दोरी सोडली की काही खूण उरत नाही. आता या फाशांतून एक नाडा ओवला की कांबळ्याची पायाकडे बंद असलेली झोपायची पिशवी होते, अर्धं खाली आणि अर्धं वर. नाडा एका लांब काठाच्या फाशांतून ओढून गोळा केला की खांद्यावरची खोळ होते. दोन काठ्यांना बांधलं की शेकोटीमागचा आडोसा होतो. गुंडाळी करून नाड्याने बांधलं की पाठीवरचं ओझं. आणि प्रत्येक वेळी नाडा काढला की ते पुन्हा सपाट कांबळंच. हा शेवटचा गुण मला सगळ्यात मोलाचा वाटतो, कारण रात्रीची वाफ पोटात घेतलेलं कांबळं सकाळी उन्हात पूर्ण पसरता आलं पाहिजे. शिवून कायमची बंद केलेली पिशवी आतून वाळत नाही, दुसऱ्या रात्री गार लागते आणि तिसऱ्या रात्री कुबट वास मारते.

या सगळ्यावर तरुण मंडळींचा आक्षेप असा की एक किलोची कृत्रिम धाग्याची स्लीपिंग बॅग याहून हलकी आणि उबदार असताना हा खटाटोप का? बर्फात चढायचं असेल, सगळं ओझं पाठीवर घेऊन रोज मैलोगणती चालायचं असेल, तर तीच घ्या. मी हट्ट धरणार नाही. पण आगीजवळ हिशेब बदलतो. पॉलिस्टर 255 ते 260 अंशांना वितळतं, ठिणगी पडली की भोक पडतं आणि वितळलेला थेंब कातडीला चिकटतो. लोकर वितळत नाही. ती पेटती राहायला हवेत साधारण 25 टक्के प्राणवायू लागतो आणि हवेत तो 21 टक्केच आहे, म्हणून ठिणगी लोकरीवर काजळून विझते. जमिनीलगत, धुनीच्या शेजारी, वर्षानुवर्षं वापरायची वस्तू म्हणून कांबळ्याला आजही तोड नाही. कच्छहून निघून विदर्भ ओलांडत छत्तीसगडपर्यंत मेंढ्या नेणाऱ्या रबाऱ्यांच्या अंगावर लोकर असते, ती उगीच नाही.

राहिला खरेदीचा प्रश्न, आणि इथे माझाही जीव थोडा साशंक असतो. कामठीला, जबलपूरला छावणीच्या आसपास जे ‘मिलिटरीचं’ म्हणून विकलं जातं, ते सगळं लष्करातून आलेलं असतंच असं नाही. बरंचसं पानिपतच्या शॉडीचं असतं, म्हणजे जुने लोकरी कपडे पिंजून पुन्हा कातलेल्या सुताचं. ही कला 1813 साली यॉर्कशायरमधल्या बॅटली गावात बेंजामिन लॉने सुरू केली, आणि पानिपत आज तिचं जगातलं मोठं केंद्र आहे. त्या कापडाने लाखो गरिबांची थंडी भागते, त्याला कमी लेखण्याचं कारण नाही. पण पिंजताना तंतू आखूड होतात, आणि त्यात कृत्रिम धागा किती आहे हे रंगावरून कळत नाही. काठातला एक धागा ओढून पेटत्या काडीवर धरा. केस जळाल्यासारखा वास आला आणि बोटांत चुरगळणारी काळी राख उरली तर लोकर. टोकाला कडक मणी झाला तर पॉलिस्टर किंवा नायलॉन. मिश्रण असेल तर दोन्ही थोडं थोडं दिसतं, आणि मग अचूक प्रमाण कळायला प्रयोगशाळाच लागते: दाहक सोड्याच्या उकळत्या द्रावणात लोकर विरघळते, उरलेलं तोलायचं. मणी ठळक असेल तर ते कांबळं आगीजवळ नेऊ नका आणि अंगावरचं मुख्य पांघरूणही करू नका. त्याला तणसावर अंथरा, दुमडून बसायला घ्या, घडी उशाला ठेवा. वर सांगितलेला न कापण्याचा नियम त्याला लागू नाही. हवं तर त्याचे तुकडे करा, पाण्याच्या बाटलीला आणि जेवणाच्या डब्याला वेष्टणं शिवा, उरलेल्या पट्ट्या बुटात घाला.