लासलगाव ते चारणाद्री : चार दिवसांची संथ वाट

मार्चअखेरीला लासलगावच्या बाजार समितीत लिलाव बंद असतात. ट्रॅक्टरांच्या रांगा नाहीत, हमालांच्या आरोळ्या नाहीत, नुसता कांद्याच्या सालींचा वारा. चाळीस वर्षे आडत सांभाळणाऱ्या एका जैन कुटुंबातील वडिलांनी, ज्यांना घरात सारे बाबूजी म्हणत, याच चार दिवसांची मागणी दोन्ही मुलांकडे केली. १ एप्रिलपासून पेढीच्या दोन पेढ्या व्हायच्या होत्या. कागद तयार होते, गोदामांची वाटणीही ठरली होती. भांडण असे काही झाले नव्हते. पण दोन वर्षांत दोघे भाऊ एका ताटाशेजारी बसून जेवले नव्हते. बाबूजींनी त्यावर एक शब्द काढला नाही. वेरूळला जायचे आणि सावकाश जायचे, एवढेच म्हणाले.

सावकाश जाण्यासाठी पुण्याहून एक कॅरव्हॅन भाड्याने आली. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅरव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केल्यापासून अशी फिरती घरे आपल्याकडेही अधूनमधून दिसू लागली आहेत. आत छोटा ओटा, दोन शेगड्या, पाण्याची टाकी आणि रात्री उघडायच्या झोपायच्या फळ्या. परदेशी लोकांना यात स्वातंत्र्य दिसते. जैन गृहिणीला प्रथम दिसते ते स्वयंपाकघर. ढाब्यावर 'कांदा-लसूण नको, बटाटाही नको' हे तीनदा सांगण्याची गरज नाही, पाणी उकळून गाळून घेता येते, आणि सूर्यास्तापूर्वी जेवण उरकायचे तर गाडी बाभळीखाली उभी केली की झाले. आयुष्यभर कांद्याचा व्यापार करूनही ज्या घराच्या ओट्यावर कधी कांदा चिरला गेला नाही, त्या घरातील बाईंना गाडीचा ओटा पहिल्या दिवसापासून आपला वाटला. नाशिक जिल्ह्यातल्या वाचकांना यात नवल वाटणार नाही.

मनमाडच्या दक्षिणेला अंकाई-टंकाईचे जोडडोंगर लागतात. टंकाईच्या अंगाला जैन लेणी आहेत. तेथे तासभर थांबून गाडी नांदगावकडे वळली. वेरूळला जाण्याचे इतर रस्ते अधिक रुंद आहेत. पण नांदगावची वाट जुनी. निजामाच्या राज्यातील मनमाड-औरंगाबाद लोहमार्ग १९०० च्या सुमारास सुरू होईपर्यंत लेणी पाहायला येणारे प्रवासी नांदगाव स्थानकावर उतरत आणि तेथून टांग्याने पठार ओलांडत. ताशी चाळीसच्या वेगाने चाललेली कॅरव्हॅन त्या टांग्यांच्या फार पुढे नव्हती.

हा प्रदेश वाळवंट नव्हे, पण उन्हाळ्याच्या तोंडावर वाळवंटाची आठवण करून देतो. सह्याद्रीने पाऊस अडवून धरलेला, नद्यांची पात्रे पांढरी, पऱ्हाट्या उपटून टाकलेली काळी शेते, बांधावर निंब. डोंगर माथ्यावर सपाट आणि कडेला पायऱ्यापायऱ्यांचे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थर एकावर एक पसरत गेले, त्यांच्या या पायऱ्या. शिऊर बंगला, देवगाव रंगारी अशी नावे मागे टाकत गाडी सोमवारी सायंकाळी वेरूळला पोहोचली. पावणेसातला सूर्य मावळण्याआधी मुगाची डाळ आणि पोळ्या झाल्या होत्या. जागा अरुंद असल्याने दोघा भावांना गुडघ्याला गुडघा लावूनच बसावे लागले. जेवताना बोलणे झाले ते टायरमधल्या हवेचे.

मंगळवारी लेणी बंद असतात. घाईच्या प्रवाशाचा या दिवशी संताप होतो. या मंडळींनी तो दिवस डोंगरावरच्या पार्श्वनाथांना दिला. जैन लेण्यांच्या वरच्या अंगाला सोळा फूट उंचीची भगवान पार्श्वनाथांची बैठी मूर्ती आहे. बाईंचे गुडघे दुखत. पायऱ्या चढताना एका बाजूला थोरला, दुसऱ्या बाजूला धाकटा. प्रत्येक वळणावर त्या टेकत आणि दोघेही खोळंबत.

मूर्तीच्या आसनावर लेख आहे : शके ११५६, फाल्गुन शुद्ध तृतीया, बुधवार. म्हणजे देवगिरीवर यादवांचे राज्य होते तेव्हाचा. बरोबर आलेल्या नातीने त्याचा आशय वहीत उतरवून आणला होता. वर्धनपूरच्या एका घराण्याची ती हकीकत आहे : आजोबा, वडील, आई आणि चार पुत्र. त्यांतील चक्रेश्वर दानगुणाने श्रेष्ठ. त्याने या चारणाद्रीवर जिनांच्या भव्य मूर्ती करविल्या आणि भरत चक्रवर्तीने कैलास पर्वत जसा तीर्थ केला, तसे या डोंगराला तीर्थ केले.

"बाकीच्या तिघांची नावे?" बाबूजींनी विचारले.

नातीने पान उलटून पाहिले. "चक्रेश्वर आणि इतर, एवढेच आहे, दादाजी."

बाबूजी बराच वेळ त्या आसनाकडे पाहत राहिले. कदाचित ते हिशेब करीत असावेत : एवढा खर्च एकाच्या खात्यातून निघत नाही.

बुधवारी लेणी उघडली. वेरूळची चौतीस लेणी सुमारे दोन किलोमीटर लांबीच्या पश्चिमाभिमुख कड्यात कोरलेली आहेत : पहिली बारा बौद्ध, तेरा ते एकोणतीस ब्राह्मणी, तीस ते चौतीस जैन. राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळात आकाराला आलेले सोळावे कैलास लेणे पाहून बहुतेक बसगाड्या मागे फिरतात. उत्तरेला किलोमीटरभरावर असलेली जैन लेणी 'वेळ उरला तर' या सदरात पडतात, आणि वेळ उरत नाही. आपल्या समाजाच्या सहलीही याला अपवाद नाहीत, हे खेदाने नोंदवावे लागते. कडा पश्चिमेकडे असल्यामुळे दुपारनंतर ऊन तिरपे आत शिरते. ही लेणी पाहण्याची वेळ तीच, आणि नेमकी तेव्हाच मंडळींना पुढचा मुक्काम गाठायचा असतो.

बत्तिसावे लेणे 'इंद्रसभा' म्हणून ओळखले जाते. हत्तीवर बसलेल्या यक्षाला लोकांनी इंद्र मानले, त्यावरून हे नाव रूढ झाले. अंगणात अखंड दगडातले सर्वतोभद्र मंदिर, मानस्तंभ आणि हत्ती. खडक वरून खाली फोडत आणत, म्हणून वरचा मजला कोरीव कामाने भरलेला, तर खालचे दालन अर्धवट टाकलेले. खांब नुसते चौकोनी ठोकळे. वर आम्रवृक्षाखाली अंबिका बसली आहे, सिंहावर, मांडीवर मूल. छतावर नवव्या-दहाव्या शतकांतील रंगांचे अवशेष टिकून आहेत. लेणी दिगंबर परंपरेची. पण पाहणाऱ्याच्या पंथाची चौकशी तेथे कोणी करीत नाही.

पार्श्वनाथ आणि बाहुबली या लेण्यांत पुनःपुन्हा समोरासमोर येतात. पार्श्वनाथांवर कमठाचा उपसर्ग चालला आहे, नागफणांचे छत्र वर आहे. समोर बाहुबली, पायांवर वेली चढलेल्या, जवळ हरिणे आणि सर्प. ही कथा जैन घरातील मुलाला सांगावी लागत नाही : भरत आणि बाहुबली, राज्यासाठी समोर उभे ठाकलेले दोन भाऊ, दृष्टियुद्ध, जलयुद्ध, मल्लयुद्ध, आणि जिंकल्यावर उगारलेला हात आवरून वनात निघून गेलेला धाकटा.

बाबूजी तेथेही काही बोलले नाहीत. ते खांबाला टेकून बसले, बाईंनी माळ काढली. ऊन हळूहळू आत सरकत बाहुबलींच्या पावलांपर्यंत आले. थोरल्याने नकळत बूड टेकले. थोड्या वेळाने धाकटाही त्याच्या शेजारी बसला. खाली शेवटची गाडी सुटत असल्याची हाक आली तेव्हा कोणीच लवकर उठले नाही, आणि मग सर्वांना किलोमीटरभर चालावे लागले. बाईंचा हात थोरल्याने धरला, धाकट्याने पाण्याची कळशी.

त्या सायंकाळचे जेवण सूर्य मावळतीला टेकलेला असताना, कसेबसे वेळेत झाले. ठरल्याप्रमाणे सकाळी परत फिरायचे होते. पण कन्नडमार्गे औट्रम घाट उतरला की पाटणादेवीजवळ 'नागार्जुन कोठी' हे आणखी एक जैन लेणे आहे, असे नातीने वहीतून वाचून दाखवले. थोरल्याने धाकट्याकडे पाहिले. धाकटा मोबाईल घेऊन बाहेर गेला आणि हिशेबनिसाला म्हणाला, "उद्या येत नाही. कागद राहू द्या टेबलावर, सह्यांचे नंतर बघू."

नंतर म्हणजे कधी, हे त्याने सांगितले नाही. ड्रायव्हर टाकीत पाणी भरत होता.