लिंबाखालचा ट्रॅक्टर

आमच्या घरात आठ दिवस अबोला होता. आबा माझ्याशी बोलत नव्हते आणि मी आबांशी. कारण काय, तर लिंबाखाली उभा असलेला जुना ट्रॅक्टर.

हा लाल फर्ग्युसन आबांनी १९८२ साली घेतला. तीन एकर रान गहाण टाकून घेतला आणि सात वर्षांत रान सोडवलं. ढोकीच्या तेरणा कारखान्यावर त्यानं किती हंगाम ऊस ओढला, किती वऱ्हाडं नेली, किती अडलेल्या बायांना रातोरात दवाखान्यात पोचवलं, याची गणती नाही. मीसुद्धा त्याच्या मडगार्डवर बसूनच लहानाचा मोठा झालो. पण गेली नऊ वर्षं तो बंद होता. सीटखाली कोंबडी अंडी घालायची.

यंदा थोरल्या मुलीला नर्सिंगला प्रवेश मिळाला. फी महिनाअखेरीला भरायची होती. सोयाबीनचे पैसे देण्याघेण्यात गेलेले. मी भंगारवाल्याला बोलावलं. त्यानं ट्रॅक्टरभोवती एक फेरी मारली आणि लोखंडाच्या भावानं आकडा सांगितला. आबांनी काठीच उगारली. "आदी मला घाल त्या काट्यावर, मग ट्रॅक्टर," म्हणाले, आणि त्या दिवसापासून बोलणं बंद.

तशात अहिल्यानगरला पाहुण्यांकडचं लग्न निघालं. तुळशीचं लग्न होऊन चारच दिवस झालेले. बार्शी, करमाळा करत एस.टी.नं आम्ही दोघं गेलो. शेजारी बसून गेलो, पण तिकिटाच्या पैशापलीकडे शब्द नाही. लग्न उरकलं. दुसऱ्या दिवशी गाडीला वेळ होता. पाहुणे म्हणाले, "रणगाड्यांचं संग्रहालय बघून जा की. आबांना इंजनाची आवड आहे."

हे संग्रहालय १९९४ साली लष्कराच्या चिलखती दलानं उभं केलं. मोकळ्या बागेत झाडांच्या सावलीत देशोदेशीचे रणगाडे आणि चिलखती गाड्या मांडल्या आहेत. इंग्रजांचे, जपान्यांचे, जर्मनांचे, अमेरिकेचे आणि आपला मद्रासजवळ आवडीला तयार झालेला विजयंता. सगळ्यांना रंग दिलेला, समोर माहितीची पाटी.

एक रोल्स रॉइस मोटारही आहे. सिल्व्हर घोस्ट जातीची. ही मोटार राजेरजवाड्यांच्या दारात असायची. पहिल्या महायुद्धात तिच्यावर पोलादी पत्रे ठोकून, वर बंदूक बसवून तिला लढाईला धाडलं. मी पाटी वाचून दाखवली. आबा आठ दिवसांत पहिल्यांदा बोलले, "राजाची मोटार, पर येळ आल्यावर तिलाबी जुपलीच की."

पुढं पॅटन रणगाडा होता. पाकिस्तानचा, १९६५ सालच्या लढाईतला. वजन साधारण ४४ टन. आबांना ही लढाई आठवत होती. तेव्हा ते वीस वर्षांचे होते आणि गावात एकाच घरी रेडिओ होता. पंजाबात खेमकरणजवळ असल उत्तर गावाच्या शिवारात सप्टेंबर १९६५ मध्ये ही लढाई झाली. आपल्या सैन्यानं घोड्याच्या नालेसारखी फळी धरली, रानात पाणी सोडलं आणि आपले रणगाडे उभ्या उसात दडवले. पॅटन आत आले आणि चिखलात रुतले. ९७ रणगाडे तिथं पडले किंवा हाती लागले. अब्दुल हमीद या जवानानं जीपवरच्या तोफेनं एकामागून एक रणगाडे उडवले आणि तिथंच देह ठेवला. त्यांना मरणोत्तर परमवीरचक्र मिळालं.

आबा पॅटनच्या पट्ट्याकडे बघत म्हणाले, "ऊस आन् पानी. ह्याच्यापुढं कुनाच्या इंजनाचं चालत न्हाय. आपला न्हाई का रुतला ओढ्याकडंच्या फडात? चार बैलजोड्या लावल्या तवा निघाला."

मला ते आठवत होतं. परतीच्या पावसात उसानं भरलेली ट्रॉली आणि ट्रॅक्टर चाकाच्या आसापर्यंत काळ्या मातीत गेले होते. अंधार पडेतोवर आई चिखलात उभी राहून चाकापुढे पाचट टाकत होती.

गावी आल्यावर शाळेतल्या गुरुजींकडच्या एका पुस्तकात मी वाचलं, तेव्हा आबांचं बोलणं किती खरं होतं ते कळलं. रणगाड्याचा पट्टा मुळात लढाईसाठी निघालाच नाही, तो शेतकऱ्यासाठी निघाला. अमेरिकेत कॅलिफोर्नियाची काही रानं अशीच मऊ, दलदलीची. वाफेवरचे जड ट्रॅक्टर त्यात रुतायचे. बेंजामिन होल्ट नावाच्या कारखानदारानं १९०४ साली ट्रॅक्टरची मागची चाकं काढून तिथं फळ्यांचे फिरते पट्टे बसवून पाहिले. ओझं रुंद जागेवर वाटलं गेलं आणि ट्रॅक्टर तरला. पुढं इंग्लंडात १९१५ साली पहिला रणगाडा घडवला, तोही लिंकन गावच्या शेती अवजारांच्या कारखान्यानं. मळणीयंत्रं करणारे हात ते. १५ सप्टेंबर १९१६ ला फ्रान्समध्ये रणगाडे पहिल्यांदा लढाईत उतरले. म्हणजे रणगाडा हे ट्रॅक्टरचंच लेकरू. शेतातून उचलून रणात नेलेलं.

पण त्या दिवशी मला यातलं काही ठाऊक नव्हतं. माझ्या मनात एकच धास्ती होती. जुनी यंत्रं इतकी जपून ठेवलेली पाहिल्यावर आबा आता ट्रॅक्टर विकू देणार नाहीत. आपणच आपल्या हातानं त्यांना इथं आणलं, असं वाटलं.

आबा मात्र वेगळंच काही करत होते. प्रत्येक गाडीपाशी काठी टेकून वाकायचे आणि खाली बघायचे. मला वाटलं, काही पडलंबिडलं. शेवटी मी विचारलं, "आबा, काय शोधता?"

"तेल," आबा म्हणाले. "एकाच्याबी खाली तेलाचा थेंब न्हाय. चालतं इंजन कुटंतरी थेंब टाकतंच. हितं समदं कसं सवच्छ हाय बग."

मी म्हणालो, "जपून ठेवलंत ना, आबा. आठवण म्हणून."

"ठेवूद्यात की. लढाया मारल्यात त्यांनी. त्यांचा मान हाय ह्यो. माज्या ट्रॅक्टरानं कुटं लढाई मारलीय? त्याचा मान चालन्यात हाय."

परतीच्या एस.टी.त खिडकीशी बसून आबा बराच वेळ गप्प होते. करमाळा मागं पडल्यावर म्हणाले, "पोरीची फी कंदी भरायचीय?"

मी तारीख सांगितली.

"भंगारात द्यायचा न्हाय. चालवील त्याला द्यायचा. आदी चालू करून बगू."

दुसऱ्याच दिवशी तेरहून मेस्तरी आले. आबांनी कोंबडीला स्वतःच्या हातानं उठवलं. डिझेलच्या नळ्या बदलल्या, टाकी धुतली, शेजाऱ्याची बॅटरी आणून जोडली. दोन दिवस खटपट चालली. तिसऱ्या दिवशी दुपारी आधी काळा धूर आला आणि मग तो ओळखीचा आवाज. आई भाकरी तव्यावर टाकून दारात आली. आबा सीटवर बसले होते. त्यांनी अंगणातच दोन फेऱ्या मारल्या आणि उतरले.

शेजारच्या गावच्या एका तरुणानं ट्रॅक्टर नेला. त्याचं रान चारच एकर, पेरणी आणि फवारणीपुरता त्याला तो पुरे. भंगाराच्या दुपटीनं पैसे आले. फीला थोडे कमी पडले, ते मी उसने घेतले. जाताना आबांनी त्याला एवढंच सांगितलं, "थंडीत सकाळी लगीच वज्याला लावू नगंस. जरा गरम हू दे."

मुलगी आता कॉलेजात आहे. लिंबाखाली जिथं ट्रॅक्टर उभा असायचा, तिथं चालू केल्यावर सांडलेल्या तेलाचा डाग अजून दिसतो. परवा अंगण सारवताना माझी बायको तिथं माती टाकायला निघाली, तर आबा म्हणाले, "ऱ्हाऊ दे गं."

तेवढी जागा सोडून तिनं अंगण सारवलं.